पेंडीच्या पोत्यातील बुरशी

तेल काढून झाल्यावर जे उरते ती पेंड, अशी तिची व्याख्या शाळेच्या पुस्तकात शोभून दिसेल. ज्या घरी दुभते जनावर आहे तेथील गृहिणीला विचारले, तर ती मात्र निराळे सांगेल. तिच्या लेखी पेंड म्हणजे दूध. सकाळी भिजत घातलेला पेंडीचा तुकडा सायंकाळपर्यंत फुगून मऊ होतो. त्यात कोंडा किंवा चुणी कालवावयाची, मिठाचा खडा टाकावयाचा आणि आंबोणाचे घमेले म्हशीपुढे सरकवून आपण कासेखाली बसावयाचे. खानदेशात हे असेच चालते, माळव्यात असेच आणि बेळगावकडेही असेच. दावणीच्या जनावराला कडबा जगवितो खरा, परंतु त्याला पान्हा फुटतो तो पेंडीने. आणि ती त्याच्या वाट्याला येते ती माणसाने आपल्यापुरते तेल काढून घेतल्यानंतर! उरल्यासुरल्या वस्तूंतून दूध, मांस आणि अंडी निर्माण करण्याची जी विद्या मनुष्याने पिढ्यान् पिढ्या जोपासली, तिच्यातील सर्वांत यशस्वी प्रयोग म्हणून पेंडीचेच नाव घ्यावे लागेल. ह्याच पेंडीने १९६० साली इंग्लंडातील पशुवैद्यांना असे एक कोडे घातले, की त्याच्या उत्तराचा माग पुढे चौदा वर्षांनी थेट पंचमहालातील आदिवासींच्या झोपड्यांपर्यंत येऊन पोहोचला.

पेंड म्हणून जे जे निघेल ते ते गव्हाणीत टाकावे, असे कोणत्याही शहाण्या शेतकऱ्याने कधी केले नाही. एरंडीची पेंड शेतात खत म्हणून जाते, कारण तिच्यातील विषाने जनावर दगावते. करंजाची आणि कडुनिंबाची पेंड इतकी कडू, की जनावर स्वतःच तोंड फिरविते. सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते; रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात ते बरेचसे निकामी होते, कोंबडीला आणि डुकराला मात्र बाधते. मोहाच्या पेंडीची गोष्ट तर मोठी गमतीची आहे. ती तळ्यात टाकली तर मासे मरून वर येतात. म्हणून मत्स्यबीज सोडण्यापूर्वी तळ्यातील नको असलेले मासे काढून टाकण्यासाठी मत्स्यपालक तिचाच उपयोग करतात. दोन-तीन आठवड्यांत तिचे विष उतरते, आणि मग तीच पेंड त्या तळ्याला खत म्हणून उपयोगी पडते. आज मारणारी आणि उद्या पोसणारी अशी दुसरी वस्तू शोधून सापडावयाची नाही.

ह्या सर्व विषांत एक सोय होती. ती वनस्पतीची स्वतःची विषे. ज्या बियांत ती असतात त्या बियांच्या प्रत्येक पोत्यात ती असावयाचीच. तेव्हा पेंडीचे नाव कळले की तिचा गुण कळला आणि दोषही कळला. शेंगदाण्याच्या पेंडीला असा कोणताही बट्टा नव्हता. ती चवीला गोड, पचावयास हलकी आणि प्रथिनांनी भरलेली. शंभर भागांत चाळीस ते पन्नास भाग प्रथिनेच. पेंडींच्या कुळात ती घरंदाज समजली जाई.

भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर तो आफ्रिकेत आणि पुढे हिंदुस्थानात आला असे सामान्यतः मानले जाते. परंतु त्याचे मोठे भाग्य उजाडले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. मार्सेय बंदरातील साबणाच्या आणि तेलाच्या कारखान्यांना तेलबियांची भूक लागली होती, आणि पश्चिम आफ्रिकेप्रमाणेच पाँडिचेरीहूनही शेंगदाण्यांची जहाजे तिकडे जाऊ लागली. तेल साबणात गेले. राहिलेली पेंड युरोपातल्या गोठ्यांत गेली. इंग्लंडातील जमीनदार त्यापूर्वीच जवसाच्या पेंडीवर बैल पुष्ट करीत होते, आणि त्या पेंडीत भेसळही भरपूर होत असे. ऑगस्टस व्होल्कर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने तेथील रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीच्या वतीने अशा पेंडी तपासण्यात आयुष्याची कित्येक वर्षे घालविली. त्याचाच मुलगा जॉन ऑगस्टस व्होल्कर १८८९ च्या अखेरीस हिंदुस्थानात आला, वर्षभराहून अधिक काळ येथील शेती पाहत हिंडला आणि १८९३ मध्ये त्याचा प्रसिद्ध अहवाल बाहेर पडला. बापाने पेंडीत काय मिसळले आहे ते पाहिले होते. मुलाने पेंड जाते कोठे ते पाहिले. तेल हे हवापाण्यातून तयार होते, त्याच्या जाण्याने जमिनीचे काही जात नाही. परंतु सबंध बी परदेशी गेले की पेंडीच्या रूपाने जमिनीचा कसच जहाजावर चढतो, असे त्याचे म्हणणे होते. सरकारी अहवालांच्या नशिबी जे असते तेच ह्या म्हणण्याच्या नशिबी आले. बी जातच राहिले. पुढे पेंडही जाऊ लागली.

दरम्यान पेंड स्वतःही बदलली. बैलाच्या घाण्यातून निघालेल्या पेंडीत शेकडा दहाबारा भाग तेल राहून जाई. यंत्राच्या दाबाने ते सहा-सातावर आले, आणि द्रावकाने तेल धुऊन काढण्याची युक्ती निघाल्यावर जेमतेम एक भाग उरला. तेल्याच्या दृष्टीने हा विजय होता. पेंड मात्र पिठासारखी कोरडी, एकजिनसी आणि पोत्यात भरून जगभर पाठविता येण्याजोगी झाली. ती कोणत्या शेतातली, कोणत्या सालातली, दाणे कसे होते, हे आता डोळ्यांनी किंवा हातांनी कळण्याचा मार्ग राहिला नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात आणि अमेरिकेत कोंबड्या व टर्की पाळण्याचा धंदा अंगणातून उठून कारखान्यात गेला. एका छपराखाली हजारो पक्षी, ठरलेल्या दिवसांत ठरलेले वजन आणि जो कमीत कमी दामात ते देईल तो खुराक, असे त्याचे गणित होते. मासळीचे पीठ महाग पडे. त्याच्या जागी परदेशी शेंगदाण्याच्या पेंडीचे पीठ मिसळले की पैसे वाचत. ह्यात कोणाचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. स्वस्त खुराकाशिवाय सामान्य माणसाच्या ताटात मांस आणि अंडी येत नाहीत, हे जितके इंग्लंडात खरे तितकेच येथेही.

१९६० च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या दक्षिण आणि पूर्व भागांत टर्कीची पिल्ले मरू लागली. ती खाणे टाकीत, पंख गळून जमिनीला लागत, दोन-चार दिवस गुंगीत काढून प्राण सोडीत. मरतेवेळी पाय ताठ आणि मान मागे ओढलेली. कापून पाहिले तर यकृतात रक्त साकळलेले दिसे. नाताळच्या मेजवानीसाठी वाढविलेले एक लाखाहून अधिक पक्षी काही महिन्यांत गेले. पहिला संशय साहजिकच साथीच्या रोगावर आला. परंतु आजारी पक्ष्याचे रक्त निरोग्याला टोचून काही होईना, जंतू सापडेना, विषाणू सापडेना. रोगाला नावच देता येईना, तेव्हा त्याला ‘टर्की एक्स’ असे म्हणण्यात आले. बीजगणितातली अज्ञात राशी रोगाच्या नावात येऊन बसल्याची उदाहरणे थोडीच असतील.

कोडे सुटू लागले ते पिंजऱ्याकडे पाहणे सोडून खुराकाच्या पोत्याकडे पाहिल्यावर. रोगग्रस्त कळपांचा खुराक एकाच ठिकाणी तयार झालेला निघाला, आणि त्यात ब्राझीलहून आलेले शेंगदाण्याच्या पेंडीचे पीठ होते. तेच पीठ निरोगी पिल्लांना घालताच ती तशीच मेली. मग शंका अशी आली, की ब्राझीलच्या भुईमुगातच काही दोष असावा. पण तेवढ्यात पूर्व आफ्रिकेत तेथल्याच शेंगदाण्यांच्या खुराकावर बदकांची पिल्ले दगावल्याचे कळले. म्हणजे दोष देशाचा नव्हता. आणि त्याच देशाची दुसरी पोती निर्मळ निघत, म्हणजे दोष दाण्याचाही नव्हता. एरंडीच्या किंवा मोहाच्या पेंडीला लावलेला नियम येथे चालेना. हे विष नावावरून ओळखता येत नव्हते. ते कधी असे, कधी नसे.

लंडन येथील उष्णकटिबंधीय उत्पादनांची संशोधनसंस्था आणि वेब्रिजची पशुवैद्यकीय प्रयोगशाळा ह्यांनी हे काम एकत्र चालविले. विषाची परीक्षा पाहण्यास त्यांनी एका दिवसाची बदकाची पिल्ले घेतली, कारण त्या विषाला इतका हळवा दुसरा प्राणी हाताशी नव्हता. सार्जंट, ओकेली, कार्नॅगन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९६१ मध्ये जाहीर केले, की युगांडाच्या अतिशय विषारी शेंगदाण्यांवर वाढलेली एक बुरशी हे विष तयार करते. ती बुरशी म्हणजे ॲस्परजिलस फ्लेव्हस. ओलसर धान्यावर पिवळसर हिरवी साय धरते तीच. बुरशीच्या नावातील अक्षरे घेऊन विषाचे नाव अफ्लाटॉक्सिन असे ठेवण्यात आले. अतिनील किरणांखाली त्याचे काही अंश निळे चमकत आणि काही हिरवे. त्यांनाही इंग्रजी रंगनामांच्या आद्याक्षरांवरून बी आणि जी अशी नावे मिळाली. ह्याच बुरशीची एक सख्खी बहीण जपानात सोयाबीनचा रस आंबविण्याच्या कामी शतकानुशतके राबते आहे आणि तिने कोणाचे काही वाकडे केलेले नाही. कुळावरून परीक्षा करू नये ती अशी!

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट उघडकीस आली. विषारी पेंड काही महिने खाल्लेल्या उंदरांच्या यकृतात कर्करोगाच्या गाठी सापडल्या. टर्कीची पिल्ले आठवड्यात मेली म्हणून लोकांचे लक्ष गेले. ज्यांना हे विष थोडे थोडे आणि दीर्घकाळ मिळाले त्यांच्याकडे कोण पाहणार?

ह्या प्रश्नाचे उत्तर माशांनी दिले. अमेरिकेच्या पश्चिम भागात इंद्रधनुषी ट्राउट माशांची मोठी पैदासकेंद्रे आहेत. पूर्वी तेथील माशांना खाटिकखान्यातील यकृत, प्लीहा असे टाकाऊ ओले मांस घालीत. ते नासे, पाणी घाण करी आणि महागही पडू लागले. म्हणून कोरड्या गोळ्यांचा खुराक आला आणि त्यात सरकीच्या पेंडीचे पीठ मिसळले गेले. १९६० च्या सुमारास ह्या माशांच्या पोटात यकृताच्या गाठी आढळू लागल्या, एका केंद्रात नव्हे तर अनेक केंद्रांत. प्रथम ह्याचा आणि टर्कीचा काही संबंध असेल असे वाटले नव्हते. पुढे हॅल्व्हर, सिनहूबर आदी संशोधकांनी दाखवून दिले, की सरकीवर तीच बुरशी आणि गोळ्यांत तेच विष होते. खुराकाच्या एक अब्ज भागांत विषाचा एखादा भाग असला तरी ट्राउटला गाठ होऊ शकते. शिवाय सरकीच्या तेलातील काही आम्ले तिच्या यकृताला अधिकच दुबळे करतात. आपल्याकडील रोहू, कटला आणि मृगळ हे इतके नाजूक नाहीत. भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड समभाग कालवून घालण्याची तळ्यांतील जुनी पद्धत त्यामुळे निभावून गेली. आंध्रातील कोल्लेरूच्या काठची मत्स्यशेती पुढे कोंडा आणि पेंड ह्यांच्याच बळावर उभी राहिली. परंतु मासा मरत नाही म्हणजे पेंड शुद्ध असते असा त्याचा अर्थ नाही.

हे विष पेंडीतच इतके का साचते, हे समजून घेण्याजोगे आहे. कारण त्यात निसर्गापेक्षा माणसाचाच हात अधिक दिसतो. पीक तयार होण्याच्या शेवटच्या आठवड्यांत पावसाने ओढ दिली की जमीन भेगाळते, शेंगेला तडा जातो किंवा कीड लागते, आणि मातीतील बुरशी आत शिरते. काढणीनंतर शेंगा नीट वाळल्या नाहीत तर ती पसरते. त्यातच शेंगा फोडताना दाणे तुटू नयेत म्हणून त्यांच्यावर पाणी शिंपडण्याची चाल आहे. बाजारात भाव ठरतो वजनावर, आणि पाणी वजनात भर घालते. तेव्हा ही चाल केवळ सांगून सुटणारी नव्हे. पुढची पायरी निवडीची. सुपातून बायका काळपट, सुरकुतलेले, मोडके दाणे वेगळे काढतात; बुरशी बहुधा अशाच थोड्या दाण्यांत दाटलेली असते. स्वच्छ निवडलेला माल व्यापारात ‘एच. पी. एस.’ ह्या आद्याक्षरांनी ओळखला जातो आणि चांगल्या भावाने परदेशी किंवा मिठाईवाल्याकडे जातो. निवडून टाकलेला दाणा मात्र उकिरड्यावर जात नाही; तो तेलाच्या गिरणीत जातो. तेथे तेलाबरोबर विषाचा अगदी थोडा अंश निघतो, आणि शुद्धीकरणात तोही उरत नाही. बाकीचे सारे पेंडीत राहते. दाण्याच्या वजनात जवळजवळ निम्मे तेल असते. ते गेले म्हणजे तेच विष निम्म्या वजनात गोळा होते. म्हणजे निवडीच्या प्रत्येक पायरीला माणसाचे अन्न शुद्ध होत गेले, आणि जे नाकारले गेले ते साठत साठत गव्हाणीत उतरले. ह्यात लबाडी कोणीही केली नाही. प्रत्येकाने आपल्यापुरते चांगले तेवढे घेतले, इतकेच.

बरे, गव्हाणीत उतरले म्हणून ते तेथेच थांबले काय? १९६०-७० च्या दशकाच्या आरंभीच ऑलक्रॉफ्ट आणि कार्नॅगन ह्यांनी वेब्रिजला गायींना विषारी पेंड चारून त्यांचे दूध बदकाच्या पिल्लांना पाजले. गायी धडधाकट दिसत होत्या. पिल्लांची यकृते मात्र तशीच बिघडली. गाय विषाचे रूप थोडे बदलते आणि त्याचा शेकड्यातील एखाददुसरा भाग दुधात सोडते. दुधासाठी असलेल्या इंग्रजी शब्दाच्या आद्याक्षरावरून त्याला एम असे नाव पडले. पेंड खाल्ल्यापासून दिवसभरात ते दुधात येते, आणि पेंड बंद केली की तीन-चार दिवसांत जाते. दूध तापवून ते जात नाही.

आता पंचमहाल. वडोदऱ्याच्या पूर्वेला गोध्राच्या बाजूचा हा डोंगराळ मुलूख आणि त्याला लागून माळव्याच्या सीमेवरचा राजस्थानातील बांसवाडा जिल्हा. दोन्हीकडे वस्ती मुख्यतः भिल्लांची आणि मुख्य अन्न मका. १९७४ च्या ऑक्टोबरमध्ये मक्याची काढणी चालू असताना अवेळी पाऊस झाला. भिजलेली कणसे तशीच घरात आली. दुसरे धान्य नव्हते, तेव्हा तीच खाल्ली गेली. काही आठवड्यांत कावीळ आणि जलोदर ह्यांनी माणसे आजारी पडू लागली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे कृष्णमाचारी, भट आणि त्यांचे सहकारी ह्यांनी ह्या साथीचा शोध घेऊन १९७५ मध्ये तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांनी नोंदविलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले होते. त्या मक्यात अफ्लाटॉक्सिनचे प्रमाण इतके होते, की इंग्लंडातील टर्कींच्या खुराकाशी तुलना व्हावी. उष्ट्या भाकरीवर जगणाऱ्या गावातल्या कुत्र्यांनाही हाच रोग झाला होता. घरादारात माणसाच्या पायापाशी वावरणाऱ्या त्या मुक्या प्राण्यांचा कोणी वेळीच विचार केला असता तर काय झाले असते, हे सांगणे कठीण आहे. त्या घरांत दुसरे धान्य नव्हते हे तर उघडच होते. निवडून टाकण्यासाठी आधी निवडण्याइतके असावे लागते.

युरोपच्या देशांनी खुराकातील अफ्लाटॉक्सिनवर सत्तरीच्या दशकात मर्यादा घातल्या आणि पुढे त्या उत्तरोत्तर कडक होत गेल्या. भारत तोपर्यंत शेंगदाण्याच्या पेंडीचा मोठा निर्यातदार होता. तिची जागा तिकडे सोयाबीनच्या पेंडीने घेतली. परंतु बंदरात नापास झालेली पेंड कोणी समुद्रात बुडवीत नाही. ती कोठल्या तरी दावणीला पोहोचतेच. अमोनियाच्या वाफेने पेंडीतील विष मारण्याची रीत निघाली आहे, विशिष्ट माती मिसळून ते जनावराच्या आतड्यातच अडकवून ठेवण्याचीही युक्ती आहे. कारखान्यांना ती परवडते. एका म्हशीच्या गोठ्यात उपाय जुनेच, आणि तेच अजूनही सर्वांत स्वस्त: शेंगा वेलासकट उलट्या टाकून खडखडीत वाळविणे, पोती फळ्यांवर भिंतीपासून दूर रचणे, आणि आठवड्याला पुरेल एवढीच पेंड आणणे. बुरसट वास आला की पेंड टाकून द्यावी हे तर कोणीही सांगेल. अडचण एवढीच, की वास नसला तरी विष असू शकते.

ह्या कहाणीचे एक अलीकडचे पान २०१९ सालचे आहे. अन्नसुरक्षेच्या केंद्रीय प्राधिकरणाने देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने गोळा करून तपासले आणि त्यांचा निष्कर्ष त्या वर्षी जाहीर केला. लोकांच्या मनात भीती होती ती युरियाची, धुण्याच्या पावडरीची, भेसळीची. आरोग्यास घातक अशी भेसळ निघाली ती केवळ बारा नमुन्यांत. अफ्लाटॉक्सिन एम मर्यादेपेक्षा अधिक निघाले ते ३६८ नमुन्यांत, आणि प्राधिकरणाने त्याचे मूळ पेंड आणि वैरण ह्यांच्याकडे दाखविले.